वाटीतले चार चिंचोके

शहाडला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक चार मजली इमारत आहे. तिथे कोणाचा मिक्सर बंद पडला, पंखा रडायला लागला की माणसं मेकॅनिकला फोन करत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर नंदाकडे जातात. मेकॅनिक उद्या येतो म्हणतो आणि परवाही येत नाही. नंदा दार उघडते, वस्तू हातात घेते, कानाशी धरून हलवते आणि म्हणते, ठेवून जा.

बाईमाणसाला हे कुठून आलं, असं विचारणारे अजून निघतात. त्यांना काय सांगायचं! नंदाने सव्वीस वर्षं ठाण्याच्या एका टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंग केलं. त्या खात्यात सगळ्या बायकाच होत्या. बायकांचा हात हलका म्हणून त्यांना घेतो, असं साहेब म्हणायचे. बायका कमी पगारात राबतात म्हणून घेतो, हे बायकांना न सांगता कळलेलं होतं. पुढे कारखाना बंद झाला, सगळ्यांना घरी पाठवलं. बाकीच्या रडल्या. नंदा जाताना आपली सोल्डरिंगची कांडी मागून घेऊन आली, आणि बेडरूमच्या खिडकीखाली जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर तिने आपला पसारा मांडला.

पसारा हा शब्द तिच्या नवऱ्याचा. तानाजी घोडबंदर रोडला एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांची शिस्त राखून घरी यायचा आणि पलंगावर वायरीचे तुकडे पायाला टोचायचे. माणूस वाईट नाही. बोलायला तेवढा फटकळ. टाकी भरली की ओरडणारी घंटी नंदाने सगळ्या मजल्याला करून दिली, तेव्हा खाली चार लोकांत छाती फुगवून सांगायचा, आणि वर आला की म्हणायचा, हा पसारा एक दिवस भंगारात घालणार आहे मी.

घरात तिसरं माणूस म्हणजे तानाजीची आई हौसाबाई. वय ब्याऐंशी. साताऱ्याकडच्या माणदेशातल्या, अजून नऊवारी नेसतात, अजून तिकडचंच बोलतात. नंदा लग्न होऊन आली आणि कारखान्यात जायचं म्हणाली, तेव्हा सासरे आडवे आले होते. सुनेने नोकरी केल्यावर चुलीपाशी कोण बसणार, असा त्यांचा प्रश्न. हौसाबाई नवऱ्यापुढे कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "भाकरी म्या थापते. तिला जाऊ द्या." एवढंच. सव्वीस वर्षं नंदाच्या डब्यातली भाकरी हौसाबाईंच्या हातची होती. कारखाना सुटल्यावरही ओटा त्यांनी सोडला नाही आणि नंदाने मागितला नाही. डाळ-भात-भाजी त्यांची, वायरी-दुरुस्ती हिची, असं घर चाललेलं.

मग हौसाबाईंचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी दाराची बेल गेली, मग टीव्ही गेला, मग माणसं. कानात घालायचं यंत्र आणलं, ते त्यांनी दोन दिवसांत काढून लवंगांच्या डबीत ठेवलं. कानात रातकिडा सोडलाय म्हणाल्या.

आता हौसाबाईंची कुकरची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गावाकडे त्या सगळं चिंचोक्यांवर मोजायच्या. वाहिलेल्या पाट्या, भरलेल्या कणग्या, काय वाटेल ते. इथे कुकर आला तरी सवय तीच. मिक्सरच्या मागे एक वाटी असायची. एक शिटी झाली की डब्यातून एक चिंचोका काढून वाटीत टाकायचा. वाटीत चार झाले की गॅस बंद, डाळ-भात तयार. स्वयंपाक आवरला की चिंचोके परत डब्यात. कोणी हसलं तर हसो. चाळीस वर्षांत त्यांची डाळ ना कच्ची राहिली ना करपली.

आणि एके दिवशी कुकर जळाला. नंदा कल्याणला गेली होती. परत आली तर जिन्यातच करपल्याचा वास. घरात धूर, कुकरचं बूड काळं ठिक्कर, रबर वितळलेलं, आणि हौसाबाई ओट्याशी स्टुलावर शांत बसलेल्या. पुढ्यात वाटी, वाटी रिकामी. एकही शिटी त्यांच्या कानापर्यंत पोहोचली नव्हती. आता होईल, मग होईल म्हणत त्या बसून राहिल्या होत्या. वास कसा आला नाही म्हणाल, तर तीन दिवस सर्दीने नाक बंद होतं.

तानाजी हादरला. गॅसपाशी म्हातारं माणूस एकटं, आणि ऐकू येत नाही. त्याचं काही चूक नव्हतं. आईने आता गॅसला हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं, आणि आईला ऐकू जावं म्हणून एवढ्या मोठ्याने सांगितलं की सगळ्या मजल्याला कळलं. मग शेगडीचा लायटर उचलून कपाटावर ठेवून दिला. हौसाबाईंचा हात तिथे पोहोचणं शक्य नव्हतं.

हौसाबाई ओट्यापासून उठल्या. गॅलरीत जाऊन बसल्या, मांडीवर हात ठेवून. जन्मात रिकामे न राहिलेले ते हात नंदा बघत राहिली. आपल्याला सव्वीस वर्षं ज्या बाईने दाराबाहेर पडू दिलं, तिला आपल्या डोळ्यांदेखत घरात बसवलं, आणि आपण पंखे दुरुस्त करतो आहोत. आईंना शिटी कळेल असं यंत्र करते म्हणाली, आणि ते लावल्यावर पारखायला तिने तानाजीकडून आठ दिवस मागून घेतले. त्याने दिले, पण अट घालून. आठ दिवसांत एकदा जरी चुकलं तर आईचा गॅस कायमचा बंद. आणि चूक तुझ्या यंत्राची निघाली तर तो पसाराही भंगारात. हेही मोठ्यानेच सांगितलं. म्हणजे हौसाबाईंनीही ऐकलं.

नंदा कामाला लागली. दिवा लावून भागणार नव्हतं, कारण कुकर चढवला की हौसाबाई गॅलरीत भाजी निवडायला बसायच्या. दिवा बघणार कोण? तेव्हा शिटी कानाला नाही, अंगालाच कळायला हवी. तिने एका मोडक्या घड्याळाच्या बझरमधली पितळी चकती काढली आणि शेगडीच्या मागच्या पायाला चिकटवली. शिटी झाली की शेगडी थरथरते, ती थरथर चकती पकडते. भांडं आपटलं तरी चकती शिटी समजायची, त्यावर दोन दिवस गेले. शेवटी दोन सेकंद सलग थरथरली तरच शिटी धरायची, असं तिने जमवलं. मग कल्याण स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याच्या टोपलीतून बिनवायरची दाराची बेल आणली. तिचं बटण चकतीला जोडलं. वाजणारा भाग होता, त्यातला कर्णा काढून सासरी गेलेल्या मुलीच्या, संचिताच्या, जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर बसवली. सगळं गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डबीत घातलं आणि डबी सासूच्या कनवटीला खोचली. लायटर परत ओट्यावर आला.

पहिली शिटी झाली. गॅलरीत भेंडी निवडत असलेल्या हौसाबाई दचकून उठल्या, कंबर धरली आणि हसायलाच लागल्या. गुदगुल्या होतात म्हणाल्या. मग आत आल्या, डब्यातून चिंचोका काढला आणि वाटीत टाकला.

सहा दिवस सगळं सुरळीत. डाळ मऊ, भात मोकळा. तानाजी डबा खायचा आणि तक्रार नाही म्हणजे कौतुकच, असं नंदा धरून चालायची. सातव्या दिवशी ती सकाळीच कल्याणला गेली, आणि त्या दिवशी तानाजीने दुपारी डबा उघडला तर डाळ कच्ची. दाताखाली कचकच वाजणारी. भाताचे दाणे वेगळे.

संध्याकाळी तो घरात आला तो डबा ओट्यावर आपटतच.  काय झालं हे नंदाला माहीत नव्हतं आणि यंत्र तिचं होतं. तिने तोंड उघडायच्या आत हौसाबाई पुढे झाल्या. डबा उघडा दिसला, मुलाचं तोंड दिसलं, त्यांना ऐकू यायची गरज नव्हती.

"मोजायला चुकलं माजं," त्या म्हणाल्या. "डबीनं बराबर सांगितलं. माजंच चुकलं."

तानाजीचा आवाज खाली आला. आईवर किती ओरडणार? त्याने लायटर उचलला आणि परत कपाटावर ठेवला. नंदाच्या टेबलाकडे बघितलं, पण अटीप्रमाणे टेबलाला हात लावायचं कारण नव्हतं. चूक माणसाची निघाली होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक नंदाने केला. हौसाबाई गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. खरं सांगायचं तर नंदाला थोडं हायसं वाटलं होतं, की डबी नीट निघाली. त्याची तिला लाजही वाटत होती. ओटा पुसताना तिने मिक्सर सरकवला. मागे वाटी होती. आदल्या दिवशी डबा भरायच्या घाईत तशीच राहिलेली.

वाटीत चार चिंचोके होते.

नंदाने ते दोनदा मोजले. चारच. म्हणजे म्हातारी चुकली नव्हती. डबी चार वेळा थरथरली, तिने चार चिंचोके टाकले आणि गॅस बंद केला. शिट्या मात्र चार झाल्या नव्हत्या, नाहीतर डाळ कच्ची राहिली नसती. डबी खोटं बोलली होती, आणि हे हौसाबाईंना कालच कळलं होतं.

ती डबी घेऊन टेबलाशी बसली. उलटसुलट करून पाहिली, कुठे टाका सुटलेला दिसेना. अर्धा तास गेला असेल, आणि डबी तिच्या हातात आपोआप थरथरली. गॅस बंद, कुकर घासून पालथा, आणि डबी थरथरते! त्याच क्षणी शेजारच्या प्राचीच्या दारावर बेल वाजली. चिमणीच्या आवाजाची, नवीन. नंदा तशीच उठून शेजारी गेली. कुरियरवाला उभा होता. बेल प्राचीने कल्याण स्टेशनबाहेरून घेऊन परवा संध्याकाळीच लावली होती. त्याच टोपलीतली. या बेल सगळ्या एकाच नंबरावर बोलतात. नंबर बदलायचा तर आतल्या चिपचे पाय जोडावे लागतात, आणि सव्वीस वर्षं चिपचे पाय जोडत आलेली बाई नेमकं तेच विसरली होती. काल सकाळीही कुरियरवाला आला होता का, असं तिने विचारलं. आला होता, प्राची म्हणाली, आणि कालपासून दारात कोणी नसतानाही बेल वाजते, अशी तक्रारही तिने केली. ती अंघोळीला होती, म्हणून त्याने दोनदा बेल दाबली होती.

दोन शिट्या कुकरच्या, दोन प्राचीच्या दाराच्या.

नंदा गॅलरीत गेली. वाटी सासूपुढे धरली. तिच्या तोंडाकडे बघून म्हातारीला सगळं समजलं. आत्याबाई, खोटं का बोललात, असं नंदाने कानाशी तोंड नेऊन विचारलं.

हौसाबाईंनी एकेक चिंचोका उचलून ओंजळीत घेतला.

"माजं काय गं," त्या म्हणाल्या. "माजा सैपाक करून झालाय. तुजं आत्ता कुटं सुरू झालंय."

नंदा तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. कारखाना सुटला तेव्हा न रडलेली बाई. हौसाबाईंनी तिला रडू दिलं.

संध्याकाळी तानाजी चहा पीत असताना नंदाने त्याला सगळं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. बेल माझी, नंबर बदलायचं मी विसरले, आईंची मोजणी बरोबर होती. आणि वाटी त्याच्यासमोर ठेवली. तानाजीने वाटीतले चिंचोके बोटाने मोजले. मग म्हणाला, पसाऱ्याची अट तुझ्या लक्षात आहे ना?

"आहे. टाका भंगारात," नंदा म्हणाली. "पण आधी लायटर खाली काढा."

तानाजीने चहा संपवला. कपबशी मोरीत ठेवून आला. मग विचारलं, तो नंबर बदलायला किती वेळ लागतो. अर्धा तास, नंदा म्हणाली. मग कर की, तो म्हणाला, आणि तिच्या टेबलाशी उभा राहून कांडीचं टोक तापताना बघत राहिला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, बायकोला हे काम करताना तो पहिल्यांदाच बघत होता. चिपच्या आठ बारीक पायांपैकी तीन तिने चकतीच्या बाजूला जोडले, तेच तीन डबीच्या बाजूला. तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

डबी हौसाबाईंच्या कनवटीला गेली. तानाजी बाहेर जाऊन प्राचीच्या बेलचं बटण दाबायला लागला. एकदा, दोनदा, पाचदा. प्राची दार उघडून काय झालं काका म्हणाली, तरी हा दाबतोच आहे. तिला हाताने थांब म्हणाला आणि आणखी चारदा दाबलं. मग आत आला, आईसमोर उकिडवा बसला आणि तिच्या कनवटीकडे बोट करून भुवया उंचावल्या. ओरडला नाही.

"न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "कायबी न्हाई."

नंदाने रिकामा कुकर पाण्याने अर्धा भरून चढवला आणि काडीपेटीने गॅस पेटवला. तिघंही वाट बघत बसली. शिटी झाली आणि म्हातारीचा हात कमरेला गेला.

तानाजी उठला. स्टूल ओढून कपाटापाशी नेलं, वर चढला, लायटर काढला आणि आईच्या हातात दिला. हौसाबाईंनी तो दोनदा दाबून पाहिला आणि सकाळसाठी डाळ निवडायला ताट मागितलं.