अडकणारी वरात

लग्नाच्या सीडी लावून लावून खराब व्हायला लागल्या, तेव्हा नवऱ्याने त्या वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मग त्याला हुरूपच आला. कुणाकडून तरी आणलेला एक जुना कॉम्प्युटर त्याने खालच्या बैठकीत टीव्हीला जोडला आणि खिडकीतून वरपर्यंत केबल नेली. एक केबल पुरेना म्हणून खिडकीपाशी दुसरीचा जोड दिला. आता वरचं काहीही खाली टीव्हीवर दिसायचं. वर्ध्यात आमच्या गल्लीत तेव्हा हे नवलच होतं.

हिवाळाभर छान चाललं. मे महिन्यात मात्र चित्र मध्येच थिजू लागलं. नवरा रोज गाडीने नागपूरला नोकरीला जायचा. रविवारी बघतो म्हणाला. सासूबाई हिंगणघाटला बहिणीकडे गेलेल्या, माझ्या कॉलेजला सुट्टी. घरात दिवसभर मी आणि सासरे. कापडाच्या दुकानातून त्यांनी नुकतंच अंग काढून घेतलं होतं. आमचं एकमेकांशी वैर नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. "जेवण झालं का," यापलीकडे दोघांनाही काही सुचायचं नाही.

त्या दुपारी ते आमच्या लग्नाची वरात बघत बसले होते. वरातीत ते स्वतः नाचले होते, आयुष्यात पहिल्यांदाच. नेमके तिथेच, दोन्ही हात वर आणि एक पाय उचललेला, असे ते टीव्हीवर थिजले.

"सूनबाई," जिन्यातून हाक आली, "मी अटकलो नं!"

खाली येऊन बघते तर हा पुतळा. मला हसू आवरेना. ओढणी तोंडाशी धरली.

"हास, हास," ते म्हणाले. "पण हे काऊन होऊन राह्यलं ते सांग मले."

मी वर जाऊन तोच व्हिडिओ वरच्या कॉम्प्युटरवर लावला. कुठे अडकला नाही. मग तो पेन ड्राइव्हवरून खालच्या कॉम्प्युटरमध्येच उतरवून घेतला. तिथूनही सुरळीत चालला.

"म्हणजे दोन्ही मशीन चांगल्या आहेत, बाबा. मधल्या केबलमध्ये काहीतरी आहे."

"मंग केबल पाहू."

वरात पुन्हा केबलवरूनच लावली. मी वरची पिन दाबून बसवायची आणि ओरडायचं, "आता?" त्यांनी खालून सांगायचं. पण बैठकीतल्या कूलरच्या घरघरीत कुणाला काही ऐकू येईना. शेवटी वैतागून त्यांनी कूलर बंद केला.

"चालू झालं!" ते ओरडले. "काय केलं तू?"

मी काहीच केलं नव्हतं. खाली आले. घामाघूम होऊन आम्ही दोघांनी बराच वेळ वरात बघितली. एकदाही थांबली नाही. खूश होऊन त्यांनी कूलर लावला आणि थोड्या वेळात ते पुन्हा हात वर करून उभे.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी कूलर बंद केला. ते नाचू लागले. लावला, थांबले.

खिडकीपाशी गेलो तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात कूलर बसवणाऱ्याने केबलचा तो जोड कूलरच्या लोखंडी स्टँडलाच बांधून टाकला होता. कूलर लागला की स्टँड थरथरायचा आणि त्याबरोबर जोडही हलायचा.

सासऱ्यांनी कपाटातून कापडाची एक चिंधी काढली, स्टुलावर चढले आणि जोड खिडकीच्या वरच्या गजाला आवळून बांधला. मी स्टूल धरून उभी. कूलर लावला. वरात मांडवापर्यंत पोचली.

चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केलेला होता.

"बस नं," ते म्हणाले. मी बसले.

"तू कॉलेजात शिकवते काय नेमकं?"

"भूगोल."

"असं काय? मले वाटलं होतं मराठी." त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "मंग मले एक सांग, आपल्या इथलीच जमीन इतकी काळी काऊन?"

मी ज्वालामुखीपासून सुरुवात केली. मध्ये मध्ये ते प्रश्न विचारत राहिले, आणि त्यांच्या कपातला चहा तसाच गार झाला.