इस्तंबूलचा मुक्काम

विमानाने जगातले अंतर संपवले आहे. थोरला भाऊ नोकरीसाठी शिकागोला निघाला, तेव्हा आमच्या गावी, कळसला, झालेल्या सत्कारात तीन वक्त्यांनी हे सांगितले. तिघे बारामतीहून यायचे होते, म्हणून सभा दोन तास उशिरा सुरू झाली.

घरी आल्यावर आईने मला विचारले, "किती लांब हाय रं?"

"तेरा हजार किलोमीटर. वीसेक तास."

"आन् मुक्काम किती?"

"एक. फ्रँकफर्ट."

"येकच?" ती म्हणाली.

त्या 'येकच'चा अर्थ मला नंतर लागला. आबा, म्हणजे वडील, पूर्वी दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कोकणात उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत. मधे ना पत्र, ना निरोप. पण वाटेवरचे मुक्काम आईला पाठ होते. चुलीपुढे बसून ती म्हणायची, "आज भोरला असत्याल. आज वरंधचा घाट उतरलं असत्याल." माणूस कुठे आहे एवढे कळले की तिला पुरे. पुढे मेंढरे विकली, ऊस आला, आबा घरीच राहू लागले. आता मुलगा मुंबईत विमानात बसून एकदम फ्रँकफर्टला उतरणार होता. तोवर त्याला मनात ठेवायचे कुठे?

भाऊ दिवाळीनंतर गेला. मी शाळेतला जुना नकाशा काढून वाटेखालची गावे तिला सांगितली: कराची, तेहरान, इस्तंबूल, व्हिएन्ना. तिने ती मेंढरांच्या चालीने घेतली. वीस तासांची वाट तिला माघापर्यंत पुरली.

"अगं, कवाच पोचलाय त्यो," आबा म्हणायचे. "परवा फोनवर बोललीस न्हवं?"

"बोलले की. आवाज पोचलाय. त्यो वाटंवर हाय."

चैत्रात तिने त्याला माघारी वळवले. मेंढरे वळायची तीच वेळ. फ्रँकफर्ट झाले, व्हिएन्ना झाले. त्याची वाकळ धुऊन तिने दोन दिवस उन्हात घातली. मग एका रविवारी गावातल्या टेलिफोन बूथवर त्याचा फोन आला. रजा मिळत नव्हती. पुढच्या वर्षी बघू, असे तो म्हणाला. आई बूथवरून घरी आली, वाकळेची घडी घालून ती पेटीत ठेवली आणि भाकरी थापायला बसली.

बऱ्याच वेळाने आबांनी विचारले, "कुठवर आलाय?"

एवढे दिवस थट्टा करणारा माणूस. आईने तव्यावरून नजर काढली नाही.

"इस्तंबूल. थांबू दे तितंच. एवढ्या लांबनं परत कुठं माघारी धाडायचा?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पानी हाय न्हवं रं तितं?"

"हाय. दोन्ही अंगाला समुद्र हाय."

"मग बरं हाय," ती म्हणाली.

ते विमान इस्तंबूलला थांबत नसे.