राखेनं घासलेले दात

धर्मराजचा मला राग आहे.

आम्ही दोघे घाटनांदूरचे. साखर कारखान्यात एकोणतीस वर्षं उसाचा रस आटवायच्या भांड्यांतल्या पितळी नळ्या घासल्या. आतला दगडासारखा थर निघेपर्यंत ब्रश मारायचा. मी मुकादम होतो. धर्मराजइतका नेटानं घासणारा माणूस माझ्या हाताखाली दुसरा आला नाही.

दातही तो तसेच घासायचा. बॉयलरची राख, बोट, आणि नळीला लावायचा तोच जोर. आता हिरड्यांपाशी दातांना खाचा पडल्यात. माठातलं पाणी तोंडात घेतलं की कळ डोक्यात जाते. भाकरी कोमट दुधात भिजवून गिळतो. दोन महिन्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं, मला बोलावलं. "भाऊजी, तुमचं तरी ऐकतेल."

अंबाजोगाईला नेलं. दातांची डॉक्टर मुबश्शिरा वयानं लहान, पण हाताला घाई नाही. खाचांवर तिनं वनस्पतींच्या अर्काचा लेप लावला, मुरू दिला, मग एकेका दातावर लेझरचा बारीक उजेड धरला. सगळ्यांच्या डोळ्यांना गडद चष्मे.

"दाताचं वरचं कवच झिजलंय, बाबा. आतली बारीक छिद्रं उघडी पडलीत, म्हणून गार लागतं. ती बुजवायचीत. तीन खेपा लागतील. राख बंद. मऊ ब्रश, हलका हात."

बाहेर आल्यावर धर्मराज म्हणाला, "ह्ये कसलं काम बे? घाम न्हाई, घासणं न्हाई. बॅटरी दावली अन झालं."

"कळ कमी हाय का?"

"लई कमी हाय."

"मग गप बस."

आठ दिवसांनी सकाळी त्याच्याकडे गेलो. हा ओट्यावर बसून राखेनं दात घासत होता. थुंकी लाल.

"कावून घासतोस?"

"तिनं अर्धं केलं. उरलेलं आपुन नगं करायला?"

मी राखेचा डबा उकिरड्यावर फेकला. "तिसऱ्या भांड्यातली नळी आठवती का? थर निघाला तरी घासत ऱ्हायलास. पितळ कागदावानी झालं अन फुटलं. दोन दिवस काम बंद. सायबाच्या शिव्या मी खाल्ल्या."

तो तोंड पुसत बसला. मग म्हणाला, "चकाकल्याबिगर उठू नगं, आसं कोण म्हणायचं? थांबायचं कवा, ते कवा सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. त्यामुळे राग आणखीच वाढला.

आता रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. तो मऊ ब्रश फिरवतो, मी फेरे मोजतो. शंभरला थांबायचं ठरलंय. काल एकशे बाराला गेला. मी ब्रश हिसकावून घेतला.

दुसरी खेप मंगळवारी आहे. भाकरी अजून दुधातच भिजते.