उंच शाफ्ट, तासलेलं हेड

"दोन्ही नाही, डॅडा! दोन्ही एकत्र नाही बसवायचे!"

"का नाही?"

"कारण भिडतील. वॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आपटेल. तूच शिकवलंस ना मला?"

"मी शिकवलं. मग मलाच कशाला शिकवतेस?"

"हे बघ, एक घे. तासलेलं हेड पाहिजे ना, तर शाफ्ट कंपनीचा ठेव. उंच शाफ्ट पाहिजे, तर हेड कंपनीचं. दोन्हीतलं एक."

"लग्नात नवरा घेऊ की नवरी, असं विचारतेस गो तू."

मरोळ गावठाणातल्या मिस्किटांच्या पडवीत, जुन्या टेबलावर दोन सिलिंडर हेड आणि दोन कॅमशाफ्ट मांडून ठेवले होते. यव्होन कमरेवर हात ठेवून उभी. एकाहत्तर वर्षांचा डेनिस स्टुलावर बसून रॉकेलच्या फडक्यानं उंच शाफ्ट पुसत होता, न्हायला घातलेल्या पोराचे कान पुसावे तसा. बाहेर क्रुसाजवळ त्याची निळी फियाट बॉनेट उघडून उभी होती आणि काचेवर पालिकेची नोटीस डकवलेली. बेवारस वाहन, सात दिवस. ढकलून जागा बदलायची युक्ती दोनदा वापरून झाली होती. या खेपेला आलेला माणूस सरळ म्हणाला होता, "काका, इंजिनावर चालवून दाखवा, नोटीस काढतो. नाहीतर बुधवारी क्रेन." आज रविवार होता.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. त्याच्यावरचे उंचवटे वॉल्व्ह उघडतात. उंचवटा जितका उंच, तितका वॉल्व्ह खोल उतरतो आणि इंजिन तितका मोठा श्वास घेतं. हेड म्हणजे वरचं झाकण. ते तासून पातळ केलं की आतला स्फोट जोरात होतो. एकेकटं दोन्ही झकास. एकत्र आले की खाली उतरणारा वॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांच्यात जागा उरते किती, हाच सगळा प्रश्न.

हा शाफ्ट घाटकोपरच्या सहदेवनं, आता तो नाही, हातानं घासून दिला होता. हेड डेनिसनं स्वतः चार वेळा तासून घेतलेलं. दोन्ही तीस वर्षं पलंगाखाली, गोणपाटात.

"गाडी चालली पाहिजे, डॅडा. बस. कशी का होईना."

"कशी का होईना चालवायला रिक्षा आहे की!"

आतून डेनिसच्या बायकोचा, उर्सुलाचा, आवाज आला. "भांडण झालं असेल तर कुणीतरी नारळ खवा. शेजारच्या बाप्तिस्म्याला पिठाचे दोनशे फुगे तळून द्यायचेत मला."

यव्होन नारळ खवायला आत गेली. खवता खवता तिचं लक्ष पडवीकडेच.

डेनिसनं सांताक्रूझच्या एका गॅरेजमध्ये बत्तीस वर्षं काढली. शौकीन लोक गाड्या आणायचे, शर्यतीला पळवायचे, कप जिंकून कपासोबत फोटो काढायचे. इंजिनं डेनिसची. कुठल्या हेडला कुठला शाफ्ट मानवेल, हे तो नुसतं अंगठा फिरवून सांगायचा. पण मालकाचा नियम एकच होता: मेकॅनिकनं गाडी गेटपर्यंत न्यायची. गेटपर्यंत म्हणजे पहिला गियर, फार तर दुसरा. पुढे चावी गिऱ्हाइकाच्या हातात. आपण बनवलेली गाडी तिसऱ्या गियरमध्ये कशी बोलते, हे डेनिसला माहीत होतं ते फक्त गेटावर उभं राहून, लांब जाणाऱ्या आवाजावरून.

गॅरेज बंद झालं तेव्हा तो चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवायचा नाही, दाढी नाही, मिस्साला नाही. डॉक्टर झाले, फादर येऊन गेले. शेवटी यव्होनच चिडून म्हणाली, "बाहेर तुझी स्वतःची गाडी सडतेय, तिला तरी बघ." दुसऱ्या दिवशी सहाला तो उठला. तेव्हापासून आठ वर्षं रोज सहाला उठून गाडीपाशी. गाडी चालायची नाही, पण माणूस चालायचा. क्रेननं गाडी नेली की हा परत भिंतीकडे तोंड करणार, याची यव्होनला खात्री होती. तिचं भांडण शाफ्टशी नव्हतंच.

ती खवलेला नारळ घेऊन उठली तेव्हा डेनिस उर्सुलाच्या परातीतून पिठाचा गोळा उचलत होता.

"चोर!" उर्सुला ओरडली.

"चिमूटभर गो. मोजायला."

मोजायची रीत जुनीच. पिस्टनच्या माथ्यावर पोरांची खेळायची माती थापायची, हेड कसायचं, इंजिन हातानं दोनदा फिरवायचं, हेड उघडायचं. वॉल्व्हनं माती जिथं दाबली तिथं ती किती जाड उरली, तेवढी जागा. दोन मिलिमीटर उरली तर पास. रविवारी स्टेशनरीवाला बंद, म्हणून पीठ. यव्होननं बघितलं आणि तिला वाटलं, चला, मोजतोय तरी. मोजलं की कळेल त्याचं त्याला.

इंजिन फिरवून झालं आणि उर्सुलानं पानं मांडली. पोर्क होतं. जेवून डेनिस आडवा झाला. चारला उठून त्यानं हेड उघडलं, ब्लेडनं पीठ कापलं, पट्टी लावली.

"ये! ये, बघ! किती आहे? मोठ्यानं वाच."

यव्होननं पट्टी डोळ्यांजवळ नेली. "तीन."

"तीन! आणि तू म्हणे भिडतील."

सोमवारी दोघांनी मिळून इंजिन बांधलं. तिनं ऑफिसला आजारी असल्याचं कळवलं.

मंगळवारी सकाळी दहाला गाडी सुरू झाली. पहिल्या चावीला नाही, पाचव्या. पण झाली, आणि असा काही दाट, गुरगुरता आवाज निघाला की समोरची वनमाला कोळीण मासळीची टोपली खाली ठेवून म्हणाली, "आगं बाय, वाघ पाळलास का रं डेनिस?"

"बस गाडीत," डेनिस मुलीला म्हणाला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गल्ली संपली, चर्च मागे पडलं. पहिला. दुसरा. मोकळा रस्ता दिसला तसा त्यानं गियरच्या दांड्यावरचा हात एकदा पँटला पुसला. तिसरा. पाय दाबला. यव्होननं त्याच्याकडे बघितलं. तो एवढासा हसत होता, ओठ मिटून.

मग बॉनेटखाली कुणीतरी पहार घातल्यासारखा आवाज झाला. एकदाच. पुढे नुसती चाकं घरंगळत राहिली.

चौघांनी ढकलत गाडी क्रुसापाशी आणली. नोटीस काचेवर होती तशीच. दुपारी हेड उघडलं. एक वॉल्व्ह वाकडा, एकाचं डोकं तुटलेलं, दोन पिस्टनना भोकं.

"तीन होते," डेनिस म्हणाला. "तू वाचलंस. तीन."

यव्होन पिस्टनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "डॅडा, पीठ परातीतलंच घेतलं होतंस ना? फुग्यांचं?"

"मग?"

"ते फुगतं रे. तू जेवलास, झोपलास. तोवर वॉल्व्हनं दाबलेलं परत फुगून वर आलं."

डेनिसनं ब्लेड खाली ठेवलं. शाफ्टवर अंगठा ठेवून डोळे मिटणारा माणूस तो, गिऱ्हाईक ज्याला देव म्हणायचं. त्यानं इंजिनात यीस्टचं पीठ घातलं होतं. तो हसेल, शिवी देईल, म्हणून यव्होन थांबली.

"मीपण बघितलं होतं," ती घाईनं म्हणाली. "मलापण नाही सुचलं. ऐक ना. कंपनीचं हेड आहे अजून. शाफ्ट आहे. पिस्टन शोधू, कुर्ल्याला जाते मी, आत्ता जाते. एक दिवस मागून घेऊ त्या माणसाकडून. मी बोलते त्याच्याशी."

डेनिस उठला. फडक्याला हात पुसले, बोटं एकेक करून.

"दोन्ही नको, एक नको, तू म्हणशील ते बसवू. तो उंच शाफ्टपण बसवू परत. डॅडा? उद्या सहाला उठवू ना तुला?"

त्यानं फडकं टेबलावर टाकलं, पडवीच्या पायऱ्या उतरला आणि गाडीकडे मान न वळवता, तिच्याच पत्र्याला घासून, गल्लीतून निघून गेला.