ओट्याखालचा दीड फूट

शिवडीच्या गोदामाबाहेर दोन जुन्या व्हॅन विकायला होत्या. त्यातली एक घरासारखी सजवून कोकणकिनारा फिरायचा माझा बेत होता. बायकोची अट एकच होती, "मी वाकून स्वयंपाक करणार नाही. नाहीतर तुम्ही एकटे जा."

लांब व्हॅन आतून ऐसपैस होती, पण उंची जेमतेम पाच फूट. दुसरीत बायको आरामात ताठ उभी राहिली. मात्र तिथे ओट्याची जागा सोडली, तर गादीला पाचच फूट उरत होते आणि माझी उंची पाच फूट आठ इंच. मी टेप गुंडाळली.

"नाही जमत गं. पाय कुठे ठेवू?"

"अहो, लालबागच्या खोलीत सात माणसं झोपायचो, तेव्हा तुमचे पाय कुठे असायचे?"

"ओट्याखाली."

"मग आता काय मोठे साहेब झालात?"

मी ओट्याखालचं कपाट नकाशातून काढूनच टाकलं. दीड फूट मिळाला! व्हॅन तयार झाली त्या दुपारी गादी अंथरली, पाय ओट्याखाली सरकवले आणि ताणून दिली. पावलांपुढे अजून वीतभर जागा शिल्लक होती.