मार्थाच्या पाटीवरचा शंभरावा गोल

आमच्या रॅम्सक्लफ गावात एनक टॅटर्सलचं बूड खुर्चीला टेकायचं ते फक्त न्हाव्याकडे. तेही गळ्याशी वस्तरा असायचा म्हणून. एरवी माणसाच्या पायाला भिंगरी. तेराव्या वर्षी कापडगिरणीत लागला, तर मागांच्या मधल्या वाटेवर बॉबिनी लाथाडत फिरायचा. मुकादमाने हाकललं, गावच्या फुटबॉल क्लबने उचललं. तेविसाव्या वर्षी तो पगारी सेंटर फॉरवर्ड झाला. खेळ काही देखणा नव्हता. गोलसमोरच्या गर्दीत घुसायचं, कोपरं खायची आणि चेंडू मिळेल त्या अवयवाने आत ढकलायचा. दहा वर्षांत असे नव्याण्णव ढकलले.

हा हिशेब मार्था पिलिंगकडे असे. तिचं वजडीचं दुकान, दाराबाहेर पाटी, पाटीवर एनकचा आकडा. मैत्रीच्या सामन्यातला गोल ती धरत नसे.

"लीगचा असेल तर गोल," ती म्हणायची, "बाकी सगळा व्यायाम."

एकोणचाळीस सालच्या मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात पेनल्टी मिळाली. आकडा नव्याण्णवच होता. पण संघातला सिड क्रॅबट्री त्या दिवशी निवृत्त होत होता, आणि निरोपाच्या सामन्यातली पेनल्टी जाणाऱ्याने मारायची, ही आमची रीत. एनकने चेंडू स्वतः उचलून सिडच्या हातात दिला. सिडने तो असा मारला की स्टँडवरून पलीकडे कोणाच्या तरी कोबीच्या वाफ्यात जाऊन पडला.

त्या उन्हाळ्यात एनकने घरच्यांना जगू दिलं नाही. जेवताना गुडघा हलायचा, तशा कपबशा नाचायच्या. शेवटी बायको हिल्डा म्हणाली, "डोंगरावर जाऊन ये बाबा. माझी लग्नातली भांडी आहेत ही."

डोंगरावर जायची वाट वजडीच्या दुकानावरूनच होती.

"काय रे एनक," मार्था आतूनच विचारायची, "नव्याण्णववर बसून अंडी उबवतोयस?"

"एकच तर हवाय, मार्थामावशी."

"तेहेतीस वर्षांचा झालास. गुडघे काय म्हणतात?"

गुडघे काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं. एवढाच हंगाम, असं म्हणत होते.

ऑगस्ट अखेरीस नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या सामन्यात चेंडू खांबाला लागला, दुसऱ्यात त्याच्या वाट्यालाच आला नाही. तिसरा सामना दोन सप्टेंबरला. युद्धाच्या धास्तीने लोक गळ्यात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या पेट्या अडकवून आलेले, निम्मं लक्ष आभाळाकडे. कोणीतरी चेंडू जोरात हाणला, तो एनकच्या पार्श्वभागावर आपटून आत गेला. काहींना तर गोल झाल्याचं शेजाऱ्याने सांगितलं. मार्थाने संध्याकाळी पाटीवर शंभर लिहिले आणि एनकला वाटीभर वजडी फुकट दिली, व्हिनेगरसकट. त्याने ती उभ्या उभ्या संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर युद्धाची घोषणा झाली. पुढे लीगने हंगाम रद्द केला. झालेले तीनही सामने नोंदीतून काढून टाकले.

सिड त्याला दुकानाच्या दारात भेटला. "माझी ती पेनल्टी आत गेली असती ना, तर तुला देऊन टाकली असती."

"कोबीला लागली ती," एनक म्हणाला, आणि बाहीने पाटी पुसून नव्याण्णव लिहू लागला.

मार्था कलथा घेऊन बाहेर आली. "पाटी माझी आहे."

"लीगचा असेल तर गोल, असं तूच म्हणायचीस."

"म्हणायचे. पण हा मी डोळ्यांनी पाहिला. लीगवाला कुठे आला होता?"

तेव्हापासून रोज हेच. एनक दारूगोळ्याच्या कारखान्यात लागला होता. सकाळी बसकडे जाताना तो नव्याण्णव करी. संध्याकाळी परतेपर्यंत तिथे शंभर असत. दोघांपैकी कोणीही त्यावर चकार शब्द काढत नसे. सगळी गल्ली मात्र काढत होती.

बेचाळीसच्या जानेवारीत एका संध्याकाळी तो परतला, तर नव्याण्णव तसेच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळीही पुसायला काही नव्हतं; तरी तो पाटीसमोर घुटमळला. बस आली, गेली. तो दुकानात शिरला. गल्ल्यावर मार्थाची बहीण होती.

"मावशी कुठाय?"

"वर. छाती भरलीय तिची. डॉक्टर म्हणतो, पंधरा दिवस खाली उतरायचं नाही."

"मग पाटी कोण बघतंय?"

"कुठली पाटी?"

एनक बाहेर आला. टोपी काढली, घातली. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला. मग डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि खडू उचलून त्याने स्वतः शंभर लिहिले. दुसरं शून्य जरा वाकडं आलं. ते पुसून नीट काढलं.

कोणी बघितलं नाही, अशी त्याची अजून समजूत आहे. दुकानासमोरच्या आमच्या खिडकीचा पडदा जाळीचा आहे, हे त्याला कधी सुचलंच नाही. आणि दुकानाच्या वरच्या खिडकीत शाल गुंडाळून मार्था उभी होती, ती तर मलाही नंतर दिसली.