निनियन मास्तरांनी उघडलेलं दार

एडिनबऱ्यात तेव्हा शरीरशास्त्र शिकवायची एक ठरलेली तऱ्हा होती. गुरुजी उंच खुर्चीवर बसून लॅटिन वाचणार, खाली एखादा न्हावी प्रेतावर सुरी चालवणार आणि विद्यार्थी मागे डुलक्या काढणार. निनियन कारस्टेअर्सने ती मोडली. तो दक्षिणेकडच्या डोंगरातल्या मेंढपाळाचा मुलगा. हॉलंडात शिकून आला, सासऱ्याच्या घराचा खालचा मजला मागून घेतला आणि बाह्या सारून स्वतःच सुरी धरली. शिकवायचाही आपल्या बोलीत. "काळजाला लॅटिन कळत नाही, पोरांनो. जवळ या, हात लावून बघा."

पोरं आली. दोन-तीन हिवाळ्यांत खोलीत उभं राहायला जागा उरेना.

मग एकदा थंडी सरता सरता न्यूहेवनच्या कोळीवाड्यात बोभाटा झाला. वॉटी ड्यूरी नावाच्या कोळ्याची कबर उकरलेली सापडली, आत वॉटी नव्हता. पुरलेली प्रेतं चोरून शरीरशास्त्राच्या मास्तरांना विकणारे तेव्हा होतेच. भर दुपारी कोळणींचा घोळका निनियनच्या गल्लीत शिरला. खिडक्यांवर दगड बसू लागले तसे विद्यार्थी मागच्या दाराने पसार झाले.

"तुम्हीही निघा," त्याची बायको ग्रिझेल म्हणाली.

"पळालो तर चोर ठरेन."

"आणि थांबलात तर तुमच्याच टेबलावर तुम्हाला आडवं करतील!"

निनियनने पुढचं दार उघडलं. समोर वॉटीची विधवा मॅरियन, पाठीवर मासळीची टोपली तशीच.

"कुठंय माझा नवरा?"

"मला ठाऊक नाही, बाई. आत ये, स्वतः बघ."

"येते. आधी हातातली ती सुरी खाली ठेव."

तिने टेबलावरची चादर बाजूला केली. एक हडकुळा म्हातारा होता. "हा नव्हे. वॉटीला चांगलं पोट सुटलं होतं." मग तिने चादर परत नीट ओढली. "हा कोण?"

"ठाऊक नाही."

"नाव?"

"एक जण आणून देतो. मी विचारत नाही."

"वा रे मास्तरा! माझ्या टोपलीतला हेरिंगसुद्धा बायका कुठला, कधीचा, विचारून घेतात. आणि तू अख्खा माणूस घेतलास, तो न विचारता?"

बाहेर जाऊन मॅरियननेच घोळका परत फिरवला. वॉटी कधीच सापडला नाही.

त्यानंतर निनियनने ठरवलं, नगरसभा रीतसर देईल तेच प्रेत घ्यायचं, आणि सुरी लावण्याआधी त्याचं नाव वर्गात मोठ्याने घ्यायचं. नगरसभा हात राखून देई. कधी सबंध हिवाळा नुसत्या हाडांवर निघे. निम्मे विद्यार्थी दुसऱ्या शिक्षकाकडे गेले. घर चालावं म्हणून ग्रिझेलने वर भाडेकरू ठेवले. "तुमच्या तत्त्वांचं पाणी घालून लापशी किती वाढवू?" असं ती म्हणे, पण आलेल्या प्रेतवाहकांना नाव पहिल्यांदा विचारायची तीच.

एके दिवशी मॅरियन खारवलेली मासळी घेऊन आली आणि टेबलावर मांडलेल्या हाडांपाशी थांबली.

"मास्तर, माझं एकही लेकरू जिवंत जन्मलं नाही. का, ते तुमच्या ह्या हाडांत दिसतं का?"

निनियनने एका बाईच्या सांगाड्यातलं कमरेचं हाड काढून मॅरियनच्या हातात दिलं. मूल कुठून उतरतं ते बोटाने दाखवलं. "काही जणींची ही वाट जन्मतःच अरुंद असते. तुझं तसंच होतं का, ते मात्र मी सांगू शकत नाही."

तिने हाडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "सासू म्हणायची, पोटुशी असताना टोपल्या उचलल्यास, त्याचं हे फळ."

"जिची वाट अरुंद, ती वर्षभर बिछान्यावर पडून राहिली असती तरी हेच झालं असतं."

मॅरियन खाली बसली आणि रडली. ग्रिझेल तिच्याशेजारी जाऊन बसली. डोळे पुसून मॅरियन म्हणाली, "हे आमच्या सुईणीला दाखवा."

सुईण आली, पुढच्या खेपेला आणखी चौघींना घेऊन आली. शहरातले शल्यवैद्य हसले, "कारस्टेअर्सने आता कोळणींची शाळा काढली." निनियनने ते मनावर घेतलं नाही. अवघडलेलं मूल हाताने कसं वळवायचं, हे त्या बाया त्याच्याकडून शिकल्या. आणि मूल वळवताना आईशी काय बोलायचं, हे तो त्यांच्याकडून शिकला.

त्याचे विद्यार्थी पुढे जहाजांवर, पलटणींत, दूरच्या वसाहतींत पांगले. त्यांतले बरेचसे टेबलापाशी आधी मेलेल्याचं नाव घेत. नवख्यांनी कारण विचारलं तर म्हणत, "आमच्या मास्तरांकडे असंच चाले."

म्हातारपणी हात थरथरू लागले तेव्हा निनियनने सुरी ठेवली आणि फक्त सुईणींचा वर्ग चालू ठेवला. तो गेल्यावर ग्रिझेलने ती खोली भाड्याने दिली नाही. तिथे मॅरियनची भाची इझोबेल, त्याच वर्गात शिकलेली, सुईणींना शिकवू लागली.